ओला पातेरा

आयएनए स्टेशनला मेट्रोत चढल्यापासून सुधन्वा समोरच्या माणसाच्या कॉलरकडे बघत उभा होता, आणि जोरबाग मागे पडलं तेव्हा त्या पांढऱ्याशुभ्र कॉलरवर त्याला एक गोचीड चालताना दिसली. सकाळी सव्वानऊला या गाडीत बघायला दुसरं काही मिळत नाही; ज्याच्या वाट्याला जी मान येते तिच्यावर समाधान मानावं लागतं. ही मान जाडसर, नुकती कटिंग केलेली, पावडर लावलेली होती. गोचीड तपकिरी, चपटी, अजून पोट न भरलेली. घरच्या कुत्र्याला कुरवाळून हा गृहस्थ ऑफिसला निघाला असणार, बाकी काही नाही. पाऊस सरला की दिल्लीतल्या कुत्र्यांच्या कानामागे अशा गोचिडी डझनांनी सापडतात, आणि रानातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाशी या जातीचा काही संबंध नसतो. हे सगळं सुधन्वाला पाठ होतं, बावीस वर्षं तो याच गोष्टीचा पगार घेत होता. तरी काय करतोय हे कळायच्या आत त्याचा हात वर गेला आणि त्यानं त्या परक्या माणसाच्या मानेजवळून गोचीड चिमटीत उचलली.

"भाईसाहब, ये क्या कर रहे हो?" तो माणूस गर्रकन वळला. सुधन्वा म्हणाला, "कुछ नहीं, किलनी थी." "क्या थी?" "किलनी. कुत्ते वाली." त्या माणसानं आधी खिसा चाचपला, मग कॉलर झटकली, मग सुधन्वाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढ्या गर्दीतही वीतभर लांब सरकून दाखवलं. आता गोचीड सुधन्वाच्या चिमटीत होती. खाली टाकावी तर कुणाच्या तरी पायावर चढणार. चिरडावी तर, चिरडायची नसते. चिरडली की तिच्या आतलं सगळं बोटांना लागतं आणि जे चावून झालं नसतं ते चिरडून होतं. नखानं फोडू नका, बाटलीत टाका, हे त्यानं स्वतः गावोगावच्या आशाताईंकडून शेकडो वेळा घोकून घेतलं होतं. आज बाटली नव्हती. गेली सहा वर्षं त्याच्या बॅगेत बाटली नसायची. चार्जर असायचा, बीपीच्या गोळ्या असायच्या, पेन ड्राइव्ह असायचा. म्हणून पन्नाशी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टातला हा सरकारी शास्त्रज्ञ उजव्या हाताची चिमूट छातीशी धरून उभा राहिला, आणि चिमटीत आठ पाय वळवळताना त्याला स्पष्ट कळत होते.

डाव्या हातानं त्यानं फोन काढला. यतीनचा मेसेज होता. यतीन त्याचा असिस्टंट, दिल्लीतच जन्मलेला, हुशार, आणि साहेबाला अडचणीतून सोडवण्यात त्याहून हुशार. 'सर, स्लाइड चौदा फायनल ना? कल आपने ओके बोला था, बस कन्फर्म.' चौदा नंबरच्या स्लाइडवर माळकुंभे होतं. सिंधुदुर्गातलं, काजूच्या बागांमागे दडलेलं, जेमतेम दीडशे घरांचं गाव. मागच्या डिसेंबरात तिथे गोचिडींची मोजणी झाली आणि आकडा आला शून्य. शून्य म्हणून नकाशावर गाव हिरवं झालं, हिरवं म्हणून गोचिडी अंगाला चिकटू नयेत यासाठी वाटतात ते तेल तिथे गेलंच नाही, आणि मार्चमध्ये माकडतापाचे चार रुग्ण निघाले. त्यातला एक दगावला. पुरुष, वय एकेचाळीस. आज राज्याच्या आरोग्य खात्याचे लोक दिल्लीत आले होते, कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या सदनात बैठक होती, येत्या हंगामात कुठल्या गावांना तेल द्यायचं याची यादी व्हायची होती. आणि त्याआधी हा शून्य आला कुठून याचं उत्तर सुधन्वाच्या संस्थेनं द्यायचं होतं. यतीननं ते एका ओळीत बसवलं होतं: 'नमुने गोळा करताना स्थानिक आशा कार्यकर्तीचा हलगर्जीपणा, तिच्या जागी दुसरी नेमण्याची शिफारस.' काल संध्याकाळी चहा पिता पिता सुधन्वानं त्यावर 'ओके' पाठवलं होतं. आशा कार्यकर्तीचं नाव लता घाडी. आणि तो शून्य लतानं लिहिलेला नव्हता, सुधन्वानं लिहिला होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्यातली एक सातशे कोसांवर होती, आणि गेले सात महिने सुधन्वा त्या अंतराच्या भरवशावर जगत होता.

सेंट्रल सेक्रेटेरिएटला गाडी बदलताना तो चिमूट सांभाळत जिना चढला. लोकांना वर्ष सणांवरून कळतं तसं त्याला ते गोचिडींवरून कळायचं. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांच्या अंगावर, श्रावण-भाद्रपदात त्यांची अंडी पानांखाली, दिवाळीच्या आगेमागे धुळीएवढी पिल्लं, आणि डिसेंबरात, रानातली पानं खडखडीत वाळली की खसखशीएवढी ती दुसऱ्या वयातली, सगळ्यात हावरी. तीच माकडांना धरतात, आणि सरपणाला, काजूला, पाचोळ्याला गेलेल्या माणसांना धरतात. मे संपेपर्यंत त्यांचं राज्य. विद्यार्थी असताना तो हे गुडघे टेकून शिकला होता. एकदा अवकाळी पाऊस आला आणि तो तीन दिवस एका शाळेच्या पडवीत शिळी भाकरी खात बसून राहिला, पानं वाळायची वाट बघत, कारण गोचिडी चिकटाव्यात म्हणून ओढतात ते पांढरं फ्लॅनेलचं कापड ओल्या पानांवरून ओढून काही हाती लागत नाही. कापड भिजतं, गोचिडी खाली दडून बसतात, आणि जे मिळतं त्याला मोजणी म्हणता येत नाही. तो तीन दिवस बसलेला पोरगा त्याला आता फार आवडायचा. त्याची आठवण आली की कुणी जवळचं माणूस वारल्यासारखं वाटायचं.

डिसेंबरातल्या त्या मोजणीच्या वेळी माळकुंभ्यालाही पाऊस झाला होता. आदल्या रात्री बदाबदा कोसळून सकाळी मोकळा झालेला, पानापानावरून ठिबकत राहिलेला. लता पुढे, हातात काठीला बांधलेलं कापड; मागे सुधन्वा, छत्री आणि टॅबलेट. काजूखाली ती वाकली, पानांत हात घालून मूठभर उचलून तिनं पिळली, आणि पाणी गळलं. "सर, पातेरा ओला आहे," ती म्हणाली. गळून पडलेल्या पानांना तिकडे पातेरा म्हणतात. उन्हाळ्यात तो गोळा करून शेतात जाळतात, भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपांची, जमीन भाजून काढायला. "आज काय मिळायचं नाही सर. परवापर्यंत वाळेल. परवा या." तिनं तरी नेमून दिलेल्या दहा जागी कापड ओढलं. कापड चिखलानं माखलं. सुधन्वानं टॅबलेटवर रकाना रिकामा ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला, पण फॉर्म पुढे जाईना. तिथे आकडा लागत होता. 'मोजणी झाली नाही' असं लिहायला वेगळा अर्ज होता, त्यात कारण, फोटो, पुढची तारीख, म्हणजे परवा पुन्हा येणं, म्हणजे तिकीट बदलणं. हे सगळं त्यानं केलं असतं. खरंच केलं असतं, असं तो स्वतःला मार्चपासून सांगत आला होता. पण ड्रायव्हर गाडीशी उभा राहून घड्याळ बघत होता. सावंतवाडीतली ती खानावळ तीनला बंद व्हायची आणि सुधन्वानं सकाळीच फोन करून सुरमईचं ताट सांगून ठेवलं होतं. दिल्लीला लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये मासा शिजला की त्याच्या बायकोला, मीनाक्षीला, सगळ्या खिडक्या उघडाव्या लागायच्या आणि शेजारच्यांचं तोंड बघावं लागायचं. तीन वर्षांत त्यानं धड ताजा मासा खाल्ला नव्हता. "किती मिळाल्या, लताताई?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "मिळणार कशा, ओला आहे ना." "म्हणजे शून्य," तो म्हणाला, आणि शून्य दाबला. ती कापडावरचा चिखल झटकायला लागली. फॉर्म सुरळीत पुढे गेला. सुरमई उत्तम होती, हेही त्याला विसरता येत नव्हतं. कढी अप्रतिम होती आणि त्यानं दोनदा मागून घेतली होती.

मार्चपासून त्याला खाज सुटायची. पायाच्या घोट्याला, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत; आंघोळीच्या वेळी तो अंग तपासत राहायचा आणि बादलीतलं गरम पाणी थंड होऊन जायचं. "अरे, डॉक्टरला दाखव यार," मीनाक्षी म्हणायची, "आत काय पीएचडी करतोयस का पुन्हा?" डॉक्टरनं कोरडी त्वचा सांगितली, क्रीम दिलं. मुलगी निधी बारावीला होती, एकदा जेवताना त्याच्या तोंडून पातेरा हा शब्द गेला तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाबा, पातेरा मतलब?" वाळलेली पानं, त्यानं सांगितलं. "अच्छा, तो सूखे पत्ते बोलो ना," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा मोडला. त्याला तेव्हा सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं, एका ओल्या सकाळी मी काय केलं ते, पण मीनाक्षीनं वरण वाढलं आणि विषय कोचिंग क्लासवर गेला. सांगायचं म्हटलं की मध्ये नेहमी वरण यायचं. रुग्णांच्या तक्त्यात त्या माणसाचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'पुरुष, ४१'. त्याला नाव नाही याचा सुधन्वाला आधार वाटायचा, आणि आधार वाटतो याची किळस यायची.

मंडी हाउसला उतरून तो चालत निघाला. हवेत धूर उतरू लागला होता, डोळे चुरचुरत होते आणि चोळायला उजवा हात मोकळा नव्हता. सदनाच्या रिसेप्शनवर रजिस्टर पुढे आलं तेव्हा त्यानं डाव्या हातानं सही केली, पहिलीच्या मुलासारखी, आणि काउंटरवरच्या माणसाकडे सेलोटेप मागितला. टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये गोचीड नीट चिकटवली, बंद केली, आणि चौकीदाराच्या चहाच्या शेगडीत टाकायला दिली. चौकीदारानं ती घेतली तशी सुधन्वाच्या दोन बोटांना इतक्या मुंग्या आल्या की तो ती झटकत उभा राहिला. मग रजिस्टरमधलं वरचं नाव त्याला दिसलं. लता घाडी, माळकुंभे.

ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. साडीला कडक घडीच्या रेघा, मांडीवर स्वेटर, अंगात न घालता घडी करून ठेवलेला. "सर, ओळखलंत ना?" ती उठून उभी राहिली. "दिल्लीत थंडी म्हणून जावेचा स्वेटर आणला, तर इथे घामच येतोय." तो म्हणाला, "तुम्ही कशा इकडे?" "देविका मॅडमनी आणलं. म्हणाल्या, तुझ्याबद्दल कागदावर काही येणार आहे, तर ते तुझ्यासमोर येऊ दे. विमानात बसवून आणलं बघा." ती हसली, मग हसणं आवरलं. "काय येणार आहे ते मात्र कोणी सांगत नाही. तुम्हाला माहीत असेल सर." तिच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिला. टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती, परीक्षेचा निकाल मास्तरांना विचारावा तशी. "बघूया," सुधन्वा म्हणाला. आयुष्यात त्यानं हजारदा वापरलेला शब्द, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो तिच्याकडे पाठ करून जिना चढू लागला.

बैठक वरच्या खोलीत होती. देविका मॅडम राज्याकडून आलेल्या मुख्य अधिकारी. बाई चष्मा कपाळावर ठेवून ऐकायच्या आणि खाली घेतला की समोरच्याची खैर नसायची. सहाजण टेबलाभोवती, लता भिंतीशी खुर्चीवर. यतीन एकेक स्लाइड सरकवत होता. आठ, नऊ, दहा. गावं लाल, पिवळी, हिरवी होत होती. सुधन्वाला वाटलं, आपण काही करायचं नाहीये, नुसतं बसायचंय; बसणं तर आपल्याला किती छान जमतं. बाराव्या स्लाइडला तो पाणी प्यायला. तेराव्याला त्याच्या मनात आलं की तिची आशाची जागा गेली तर महिन्याला जातील ते चार पैसे आपण कुठूनतरी तिला पोचवू, आणि हा विचार किती ओंगळ आहे हे तो पुरता करायच्या आधीच त्याला कळलं. चौदावी स्लाइड आली. यतीननं ओळ इंग्रजीतून वाचली. लताला ती कळली नाही. तिनं फक्त आपल्या गावाचं नाव ओळखलं आणि पदर सारखा करून ती ताठ बसली. तिचं ते ताठ बसणं सुधन्वाला सोसवलं नाही.

"हे खोटं आहे," तो म्हणाला. आवाज मोठा झाला. यतीन हळूच म्हणाला, "सर, एक मिनट, बाहर बात करते हैं." "नाही, इथेच करू. मराठीतच करू, त्यांना कळलं पाहिजे." आणि त्यानं सांगितलं. रात्रीचा पाऊस, पिळलेली पानं, परवा या म्हणाली ते, फॉर्म अडला ते, मोजणी झाली नाही असं लिहायला हवं होतं तिथे शून्य लिहिलं ते. खानावळीपाशी तो अडखळला. ते सांगायची गरज नव्हती. "मला जेवायला जायचं होतं," तो म्हणाला, "मासे खायला. म्हणून मी थांबलो नाही."

देविका मॅडमनी चष्मा खाली घेतला. "मार्चमध्ये का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कसली?"

"नोकरीची. नंतर नंतर, आपण तसे आहोत याची."

"हे मिनिट्समध्ये जाणार, सुधन्वाजी. चौकशी लागेल. आणि मागच्या डिसेंबरातले तुमचे बाकीचे शून्यही मी आता परत तपासायला लावणार."

"लावा. दोन ठिकाणी मलाच शंका आहे." त्यानं ती दोन नावं सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली, माळकुंभे लाल केलं, शिफारस काढून टाकायला सांगितली आणि यतीनला म्हणाल्या, "चलो, पंधरा." एवढंच. सात महिने ज्याची धास्ती घेतली ते दहा मिनिटांत उरकलं होतं. सुधन्वाला भयंकर भूक लागली होती. अंगाला कुठेही खाज नव्हती. आपण फार वाईट माणूस नाही, शेवटी बोललो की, असं काहीतरी गोड त्याच्या आत हळूहळू पसरायला लागलं, आणि चहाच्या सुट्टीत तो बाहेर व्हरांड्यात आला तेव्हा लता आपल्याशी काय बोलेल याची त्यानं मनात तयारीही केली होती. आभार मानू नका, असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं.

तिनं आभार मानले नाहीत. ती कठड्याशी उभी होती, चहाचा कप हातात तसाच. "सर, आत बोललात ते मला कागदावर लिहून द्या," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरात. सही करून."

"तुमचं नाव काढलंय लताताई. तुमच्यावर आता काही नाही."

"त्यासाठी नको. जावेला दाखवायचंय." ती कपाकडे बघत होती. "वारला तो माझा दीर. मोहन. फेब्रुवारीत पातेरा आणायला निघाला तेव्हा जाऊ, त्याची बायको, मला म्हणाली, ताई, तेल असलं तर द्या ह्यांना. शेजारच्या गावच्या आशाकडून मी बाटली आणू शकले असते, तासाची वाट. मी म्हटलं, आपल्याकडे शून्य आहे, दिल्लीच्या साहेबांनी मोजलंय, कशाला उगाच. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एका चुलीवर दोघी जेवतो सर. स्वेटर मागितला तर पोराकडून पाठवला तिनं, हातात दिला नाही."

पुरुष, एकेचाळीस. मोहन. सुधन्वानं बॅगेतून कोरा कागद काढला आणि कठड्यावर ठेवून लिहायला घेतलं. आत सांगितलेलं सगळं लिहिलं, अक्षर शाळेसारखं सुटं काढलं, म्हणजे जावेला वाचता यावं. लता खांद्यावरून ओळ न् ओळ वाचत होती. सही करायला त्यानं पेन खाली नेलं तशी ती म्हणाली, "थांबा. एक राहिलं. पातेरा ओला होता हे लतालाही माहीत होतं, असं लिहा."

"ते कशाला? तुम्ही तर मला सांगितलंत. तुमची काय चूक त्यात?"

"मीच पिळून बघितला ना माझ्या हातानं. तरी तुमचा शून्य खरा धरला. तुम्ही साहेब होता म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "सगळं तुमच्यावर घातलं तर तिला वाटेल, ही दिल्लीहून स्वतःला सोडवून आली. ती मला ओळखते सर. हे असेल तरच बोलेल ती."

"आणि तरी नाही बोलली तर?"

"तर नाही बोलली."

आतून यतीननं हाक मारली, सर, मॅडम बुला रही हैं. सुधन्वा कागदावर वाकून राहिला. बैठकीत जे म्हणायला त्याला सात महिने लागले, ते ही बाई स्वतःबद्दल उभ्याउभ्या, न मागता, एका ओळीत लिहायला सांगत होती, आणि त्याच्या आत पसरत आलेलं ते गोड गोड सगळं आटून गेलं. त्याला ते वाक्य लिहायचं नव्हतं, आणि का नव्हतं हेही त्याला कळलं: ते लिहिलं की तो बोलला त्यात मोठंसं काही उरत नव्हतं.

"लिहा ना सर," लता म्हणाली.

त्यानं लिहिलं.